दूतावास हलेपर्यंत

बाल्टिमोर, १८ जून १९९९

झेव,

काल अध्यक्षांनी सही केली. तुला माझ्याआधी कळलं असणारच, तुझं ऑफिस तिकडे वॉशिंग्टनला संसदेच्या दारातच बसलंय. मला रेडिओवर कळलं. दुकानात एका होणाऱ्या नवरीच्या डोक्यावर, लग्नानंतर आपल्या बायका स्वतःचे केस झाकायला घालतात तो केसांचा टोप बसवत होते, हातात कात्री होती. राष्ट्रीय सुरक्षेच्या हितासाठी म्हणे अमेरिकेचा दूतावास तेल अवीवहून जेरुसलेमला नेणं सहा महिने पुढे ढकललंय. त्या पोरीचं नशीब चांगलं म्हणून तिचा कान वाचला.

तू विसरला असशील तर आठवण करून देते, आणि विसरला नसशील तर परत ऐक. शहाण्णवच्या जानेवारीत रब्बाय ओशरच्या तळघरात तिघे धर्मगुरू बसले होते. माझा कोर्टातला घटस्फोट होऊन वर्ष झालं होतं, पण आपल्या ज्यू धर्मात त्या कागदाला कोण विचारतो? नवरा स्वतःच्या हाताने सोडचिठ्ठी बायकोच्या ओंजळीत टाकत नाही तोवर ती त्याचीच. दुसऱ्याकडून मूल झालं तर त्या मुलाला समाजात कोणी सोयरीक देत नाही, त्याच्या मुलांनाही नाही. म्हणून मी तिथे बसले होते, तुझ्या तोंडाकडे बघत.

आणि तू उभा राहून म्हणालास, "देतो. कायदा झालाय. नव्याण्णवच्या मे अखेरपर्यंत अमेरिकेचा दूतावास जेरुसलेममध्ये उघडणार. ज्या दिवशी उघडेल त्या दिवशी तोवाला सोडचिठ्ठी. त्यासाठी मी इतकी वर्षं राबलो, त्या आनंदाच्या दिवशी हेही मिटवू."

रब्बाय ओशरच्या डोळ्यांत पाणी आलं. माझ्या वडिलांनी तुझा हात हातात घेतला. साडेतीन वर्षांचाच प्रश्न, पोरी, कळ काढ, असं सगळे म्हणाले. सोडचिठ्ठीवर नवऱ्याचं नाव कसं लिहायचं यावर अख्खी सकाळ वाद घालणारी ही माणसं. त्यांतल्या एकालाही तो चार पानी कायदा शेवटपर्यंत वाचावासा वाटला नाही. अमेरिकेचा कायदा, तारीख घातलेली, म्हणजे झालंच. सातव्या कलमात लिहिलंय की अध्यक्षांना वाटलं तर सहा महिन्यांची सूट, आणि मग परत सहा महिन्यांची, आणि मग परत. किती वेळा, त्याला मर्यादा नाही.

त्यांनी वाचलं नाही, पण तुला ते पाठ होतं. तो कायदा व्हावा म्हणून तू खासदारांच्या मागे दोन वर्षं फिरत होतास. जेवताना मला त्याच्या मसुद्याची कलमं ऐकवायचास, तेव्हा मी अजून त्या घरात होते. तू त्या तळघरात उभा राहिलास तेव्हा तुला पक्कं ठाऊक होतं की तू काय देतोयस. तू मला गाजर दाखवलंस, झेव, आणि माझ्या वडिलांनी त्याबद्दल तुझे आभार मानले.

मी चौतीस वर्षांची आहे. मला मूल हवंय. हे तुला तेव्हाही माहीत होतं.

तोवा


१९ डिसेंबर १९९९

झेव,

तुझं पाकीट मिळालं. सहा महिन्यांत पहिल्यांदा तुझ्याकडून काहीतरी आलं, आणि काय, तर अध्यक्षांच्या दुसऱ्या सहीची छायाप्रत, वर तुझ्या अक्षरात, "माझ्या हातात काही नाही."

तुझ्याच हातात आहे. साऱ्या जगात फक्त तुझ्या. अध्यक्षांच्या नाही, संसदेच्या नाही, रब्बाय ओशरच्या नाही. मी काल त्यांच्याकडे गेले होते. ते म्हणाले, जबरदस्तीने घेतलेली सोडचिठ्ठी रद्दबातल असते, आम्ही समजूत घालू शकतो, बाकी काही नाही. मी म्हटलं, मग घाला. ते म्हणाले, तो फोन उचलत नाही.

खरं कारण तूही जाणतोस. मी घर सोडून निघाले. तू मला काढलं नाहीस, मी उठून गेले, आणि शेजारचे खिडकीतून बघत होते. तेवढ्यावरून हे सगळं चाललंय. जेरुसलेमला कशाला मध्ये ओढतोस?

तोवा


१२ जून २००१

झेव,

या नव्या अध्यक्षाला मी मत दिलं होतं. जन्मात पहिल्यांदा त्याच्या पक्षाला. खुर्चीवर बसल्या दिवसापासून दूतावास हलवायला घेतो असं म्हणाला होता तो. माझ्या बहिणीने मला वेड्यात काढलं. काल त्यानेही सही केली. उचलली जीभ लावली टाळ्याला, दुसरं काय. निदान त्याने मला तोंडावर वचन दिलं नव्हतं.

तुला कोणी ना कोणी सांगणारच, तर माझ्याकडूनच ऐक. गेर्शन नावाचा एक माणूस माझ्याकडे येतो. मुलांच्या शाळेत गणित शिकवतो. बायको गेली त्याची, मूलबाळ नाही. मंगळवारी येतो, सूप पितो, आणि दुकानाच्या हिशेबातल्या माझ्या चुका काढतो. मी अजून तुझी बायको असल्यामुळे आम्ही दोघं बंद दाराआड बसू शकत नाही. म्हणून दार उघडं. जानेवारीत, बर्फ पडत असताना, दार सताड उघडं आणि आम्ही कोट घालून सूप पितोय. शेजारीण विचारायला आली की गॅस गळतोय का.

मग तुझी आई यायला लागली. हो, ब्लूमाआई. कोणी बोलावलं नव्हतं. एका मंगळवारी लोकरीची पिशवी घेऊन आली आणि म्हणाली, "दार लाव. मी आहे ना बसायला. तुमच्या सोवळ्यापायी मला न्यूमोनिया नको." तेव्हापासून दर मंगळवारी ती कोपऱ्यात विणत बसते आणि आम्ही बोलतो. आपल्या सुनेचं दुसरं लग्न जमावं म्हणून राखण करणारी सासू या गावात दुसरी नसेल. मध्येच गेर्शनला टोमणा मारते की गणिताच्या मास्तरला सूपात मीठ किती ते कळू नये, कमाल आहे.

ती तुझ्याबद्दल बोलत नाही. एकदाच म्हणाली, वांझोटा हट्ट आहे माझ्या पोराचा.

गेर्शन म्हणालाय की थांबतो. तू त्याला थांबवू नकोस, एवढंच मागते. मी भांडत नाहीये, बघ, किती नीट लिहिलंय.

तोवा


१६ डिसेंबर २००४

झेव,

काल परत सही. आता पेपरवालेही छापत नाहीत, मला तुमच्या संस्थेच्या पत्रकातूनच शोधावं लागलं.

आज माझ्या दुकानात एक मुलगी आली होती. एकोणतीस वर्षांची, गोड, गालाला खळी पडते. लग्न पुढच्या महिन्यात. पहिला टोप आहे, मला फार मोठा नको, नैसर्गिक दिसायला हवा, असं म्हणाली. मी तिचं माप घेतलं. रंग जुळवला. नवरा काय करतो विचारलं, विचारावंच लागतं. ती म्हणाली, गणित शिकवतो.

तिला काही माहीत नव्हतं. गेर्शनने सांगितलं नसेल, आणि का सांगावं? मीच त्याला जा म्हटलं होतं. उन्हाळ्यात. तो त्रेचाळीसचा झाला, त्याला मुलं हवीत, आणि माझ्याकडे त्याला द्यायला काय होतं, तर दर सहा महिन्यांनी अध्यक्षांची सही. तो रडला. तुझी आई स्वयंपाकघरात उठून गेली आणि नळ सोडून उभी राहिली.

टोप मी उत्तम कापला. या गावात माझ्यासारखा टोप कोणी कापत नाही. तिने आरशात बघितलं आणि मला मिठी मारली. म्हणाली, तुमच्या हाताला यश आहे, सगळ्याजणी सांगतात की तुमच्याकडून टोप घेतला की संसार सुखाचा होतो.

मी तिला पेटी बांधून दिली, दुकान बंद केलं आणि हे लिहायला बसले. तुझं वाटोळं होवो, झेव. हे मी शांत डोक्याने लिहितेय. तू जेवायला बसशील तेव्हा तुझा घास घशात अडकू दे. मला वाटायचं राग निवतो. निवत नाही.

तोवा


८ जून २००९

झेव,

आता तिसरा अध्यक्ष. सही तीच.

मी डॉक्टरबाईंकडे गेले होते. त्यांनी मुलांबद्दल आता आशा धरू नका असं सांगितलं. चांगली बाई आहे, हात धरून सांगितलं.

एवढंच कळवायचं होतं. तुला माहीत असायला हवं.

तोवा


७ डिसेंबर २०१७

झेव,

काल दुपारी तुझ्या आईने फोन केला. वय त्र्याऐंशी, पण बातम्या तिच्याकडून सुटत नाहीत. म्हणाली, "पोरी, दूरचित्रवाणी लाव. हा हलवतोय."

मी लावली. नवे अध्यक्ष बोलत होते, जेरुसलेम ही राजधानी मान्य केली, दूतावास तिकडे हलवण्याचे आदेश दिले. दुकानात दोन गिऱ्हाइकं होती. मी खुर्चीत बसले. बावन्न वर्षांची बाई, हातात कोणाचा तरी टोप, आणि ढसाढसा रडतेय. त्या दोघींना वाटलं मी जेरुसलेमसाठी रडतेय. एकीने मला खांद्याशी धरून प्रार्थना म्हटली. मी काय सांगणार? होय, जेरुसलेमसाठीच रडत होते, अठरा वर्षांपासून.

रात्री सविस्तर बातमी वाचली. दूतावास हलवणार असं जाहीर केलं आणि त्याच दिवशी सहा महिन्यांची सूट देणाऱ्या कागदावरही सही केली. इमारत तयार नाही, कायद्यातला पैसा अडू नये, असं काहीतरी कारण. एका हाताने दिलं, दुसऱ्या हाताने पुढे ढकललं. मी मोठ्याने हसले. म्हटलं, हा माणूस झेवकडे शिकलाय की काय.

पण या वेळी मला खरंच वाटतंय की होईल. तूही जाहीर सांगितलंस म्हणे, सिनेगॉगमध्ये संध्याकाळच्या प्रार्थनेला मिठाई वाटलीस. रब्बाय ओशरनी तुला सर्वांसमोर सोडचिठ्ठीचं विचारलं आणि तू हसत मान हलवलीस, असं तुझी आई म्हणाली. नव्वदीला टेकले तरी विसरले नाहीत बिचारे. ते तळघर त्यांना आयुष्यभर खातंय.

मूल होणार नाही आता. गेर्शनला दोन मुली आहेत, रस्त्यात भेटतो, बरा आहे. मला हवंय ते एवढंच की मरताना मी तुझी कोणी नसावी. माझ्या थडग्याच्या दगडावर तुझं आडनाव नको. यात तुझं काय जातं?

तोवा


१५ मे २०१८

झेव,

काल उघडला. मी घरी बसून सगळा समारंभ पाहिला. गाणी, भाषणं, पाटीवरचा पडदा सरकवला तो क्षण. तू तिथे होतास. तुझ्या आईला फोटो पाठवलास, निळा टाय, छातीवर बिल्ला. त्याच दिवशी तिकडे दुसऱ्या टोकाला सीमेवरच्या कुंपणापाशी निदर्शनं करणारी माणसं गोळीबारात मरत होती, पडद्याच्या अर्ध्या भागात ते दाखवत होते आणि अर्ध्या भागात टाळ्या. मला त्या टाळ्यांकडे बघवेना. पण खोटं कशाला बोलू, मी नजर हटवली नाही. मला पाटी बघायची होती.

संध्याकाळी मी स्वतः रब्बाय ओशरकडे गेले. त्यांनी माझ्यासमोर तुला फोन लावला आणि तू चक्क उचललास. आवाज मोठा केला होता, मी सगळं ऐकलं.

"रब्बाय, ही नुसती पाटी बदललीय. जुन्या वाणिज्य वकिलातीच्या इमारतीवर नवी पाटी. राजदूतांचं घर अजून तेल अवीवजवळ, बहुतेक कर्मचारी तिकडेच. खरा दूतावास बांधून व्हायला अजून आठ-दहा वर्षं जातील. तेव्हा बघू."

मी फोन रब्बाय ओशरच्या हातून घेतला, पण तू ठेवला होतास.

काल त्याच पाटीखाली उभा राहून तू रडलास, ते मी पाहिलं, तुझ्यावर कॅमेरा होता. तेव्हा ती पाटी खरी होती. माझ्यापुरती ती खोटी झाली. ज्या गोष्टीसाठी तू जन्म घालवलास, ती झाली नाही असं म्हणायला तू तयार आहेस, केवळ मी सुटू नये म्हणून. इतका तिरस्कार पोसायला रोज किती खाऊ घालावं लागत असेल त्याला.

मी तुझ्या आईला सगळं सांगितलं. पहिल्यांदाच काही न लपवता. ती ऐकत राहिली आणि मग विचारलं, शनिवारी तो इथे असणार ना.

तोवा


२२ मे २०१८

झेव,

शनिवारच्या शब्बाथला जोडून सण आला, त्या दिवसांत लिहायची मनाई, त्यामुळे तीन दिवस लेखणीला हात लावता आला नाही. तुला झालेलं सगळं माहीत आहे, पण तू सारा वेळ मान खाली घातली होतीस. वरून बायकांच्या सज्जातून काय दिसलं ते ऐक.

तुझा सत्कार होता. जेरुसलेमहून परतलेला वीर. तोरा, आपल्या धर्मग्रंथाची गुंडाळी, बाहेर काढली, मेजावर उलगडली, वाचनासाठी पुढे बोलावण्याचा पहिल्या काही जणांतला मान तुला मिळणार होता. तुझी आई माझ्या शेजारी बसली होती. ती उठली. म्हणाली, "हात दे, जिना उतरायचाय." मला वाटलं तिला बरं वाटत नाहीये, पण जिन्याच्या पायथ्याशी तिने माझा हात सोडला आणि मला परत वर पाठवलं.

ती खाली पुरुषांच्या भागात गेली, मधल्या वाटेने, चौऱ्याऐंशीची बाई, काठीशिवाय. कोणी अडवलं नाही, कारण कोणाला कळलंच नाही काय चाललंय. मेजापाशी जाऊन तिने तोराच्या कडेला लाकडावर हात ठेवला आणि म्हणाली, "वाचन थांबवा."

आपल्यातली ही चाल किती जुनी आहे. ज्याच्यावर अन्याय झाला त्याने वाचन थांबवायचं, आणि गाऱ्हाणं ऐकल्याशिवाय पुढचा शब्द वाचायचा नाही. आजोबांकडून ऐकलं होतं. प्रत्यक्ष कोणी केलेलं त्या सभागृहातल्या एकानेही पाहिलं नव्हतं. कोणीतरी मागून म्हणालं, बाईंना बसवा. रब्बाय ओशर खुर्चीतून म्हणाले, नाही, हक्क आहे तिचा.

मग ती बोलली. ओरडली नाही. वर आम्हाला ऐकू यावं इतकंच.

"हा माझा मुलगा. बायकोला बावीस वर्षं बांधून ठेवलीय. आधी म्हणाला दूतावास उघडू दे. उघडला. आता म्हणतो अजून बांधायचाय. झेव, इकडे बघ. मी मेल्यावर माझ्यासाठी कद्दिशची प्रार्थना तू म्हणायची नाहीस. माझ्या थडग्यापाशी उभं राहायचं नाहीस. पैसे देऊन परका माणूस ठेवीन, तो म्हणेल. ही गेली सुटून, तर तू माझा मुलगा. नाहीतर मला मुलगा नव्हता."

खाली तू पांढराफटक पडलास. तुझ्या त्या वकील मित्राने, ज्याला कधी गप्प बसता येत नाही, मध्येच म्हटलं की ही जबरदस्ती आहे, अशी दिलेली सोडचिठ्ठी चालत नाही. ओशर म्हणाले, "आई मुलाला बोलते त्याला जबरदस्ती म्हणत नाहीत. बस खाली."

तू बस खाली म्हटल्याशिवायच बसलास. तुझी आई मेजापाशी उभी राहिली. तू होकारार्थी मान हलवेपर्यंत ती उभीच होती, आणि तू किती वेळ लावलास, झेव, आई पायावर थरथरत असताना. शेवटी हलवलीस. मग ती म्हणाली, "वाचा पुढे," आणि परत जिना चढून आली. खुर्चीत टेकली आणि मला म्हणाली, चीजकेक उरलाय का घरी, भूक लागलीय.

तिने माझ्यासाठी केलं असं तू समजशील. तिने तुझ्यासाठी केलं. मी तिच्या जागी असते तर तुला वाचवलं नसतं.

तोवा


२६ जून २०१८

झेव,

आज सकाळी झालं. तुला हे लिहिण्याची गरज नाही, आपण एका खोलीत होतो. पण तू खाली मोबाइलमध्ये बघत होतास, आणि मला कोणाला तरी सांगायचंच आहे.

तेच तळघर. कारकुनाने पिसाने अक्षर अक्षर लिहिलं, साक्षीदारांनी सह्या केल्या. रब्बाय ओशरनी तुला विचारलं, स्वखुशीने देतोयस ना, आणि तू हो म्हणालास. मला ओंजळ पुढे धरायला सांगितली. बोटांतल्या अंगठ्या काढायला सांगितल्या, मी म्हटलं नाहीतच. तू कागद टाकलास. किती हलका होता. मी तो काखेत धरून दारापर्यंत चालत गेले आणि परत आले, सांगितलं तसं. मग ओशर म्हणाले की आजपासून तू कोणाचीही नाहीस, तुझी तू.

मला वाटलं होतं काहीतरी वाटेल. गुडघे दुखत होते तेवढं कळलं.

मी निघाले होते. तेवढ्यात तो तरुण धर्मगुरू, ओशरच्या शेजारी बसलेला, घसा साफ करून म्हणाला, "एक सांगायचं राहिलं. सोडचिठ्ठीनंतर तीन महिने दुसरं लग्न करता येणार नाही."

मी विचारलं, का?

त्याने पुस्तकातल्यासारखं सांगितलं. बाईच्या पोटात मूल असलं, तर ते आधीच्या नवऱ्याचं की नव्याचं, याबद्दल संशय राहू नये म्हणून. नियम सगळ्यांना सारखाच आहे, वय बघत नाहीत.

सगळी खोली जमिनीकडे बघायला लागली. ओशरनी डोळ्यांवर हात घेतला. त्या पोराला बिचाऱ्याला कळलंच नाही की आपण काय बोललो. आणि माझ्या तोंडून आपोआप निघालं, मी ठरवून बोलले नाही.

"पोटात मूल असलं तर मला आधी कळवा. मी किती वर्षं त्याची वाट बघतेय."

तू तेव्हाच मोबाइलवरून डोळे वर केलेस. त्या एका क्षणी तुला कळलं, मी पाहिलं तुझ्या तोंडावर. बावीस वर्षं मला वाटत होतं की तुला ते कळलं की मला बरं वाटेल. नाही वाटलं.

मी बाहेर आले. तुझी आई पायरीवर बसली होती. तिने विचारलं, झालं का? मी म्हटलं, झालं, पण अजून तीन महिने थांबायला सांगितलंय. माझ्या डोक्यावरचा टोप तिने दोन्ही हातांनी उचलून काढला, मांडीवर ठेवला, आणि माझ्या पांढऱ्या केसांवरून हात फिरवत राहिली.

तोवा